प्रभात रोडची शांत गल्ली: जागा भाड्याने घेण्याआधी रस्ता वाचायला शिका



मागच्या व्हिडिओत आपण व्यवसायासाठी जागा कशी निवडायची ते बघितलं. त्यात पुण्याच्या प्रभात रोडचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं, आणि तुमचे सगळ्यात जास्त प्रश्न नेमके त्यावरच आले. म्हणून आज सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडा हिशोब आहे.

सुरुवात आमच्या बॅचमधल्या एका ताईंपासून करतो. आठ वर्षं घरून केक, नानकटाई, बिस्किटं विकतात. हात चांगला, गिऱ्हाईक बांधलेलं. मिस्टरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यातले चौदा लाख बाजूला काढले आणि ठरवलं, आता स्वतःचा कॅफे. जागाही बघून ठेवली होती. प्रभात रोडच्या एका गल्लीत जुना बंगला, तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे पोर्च, पोर्चवर चाफा. मला म्हणाल्या, "सर, गल्ली इतकी शांत आहे ना, बघताक्षणी मन बसलं."

मी म्हटलं, "ताई, मन बसलं ते ठीक. पण शांत आहे म्हणजे नक्की काय आहे, ते आधी बघू."

आजचा सगळा धडा या एका प्रश्नाचा आहे. रस्ता शांत असतो त्याला कारणं असतात. ती कारणं तुमच्या धंद्याच्या बाजूची आहेत की विरुद्ध, हे भाडेकरारावर सही करण्याआधी कळलं पाहिजे.

आधी इतिहास, कारण तो भाड्यात धरलेला असतो

तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला दुकान टाकायचंय, इतिहास कशाला? थांबा जरा.

प्रभात रोडला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीवरून. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी ही कंपनी काढली. १९३३मध्ये ती पुण्याला आली. आली ती पेठांत नाही, तर गावाबाहेर एरंडवण्याकडे. स्टुडिओला काय लागतं? मोठी मोकळी जागा, आणि बोलपटाचा जमाना सुरू झाल्यावर आवाज नसलेला परिसर. शनिवार, बुधवार पेठेत हे कुठून मिळणार? 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' हे सगळे चित्रपट इथे तयार झाले.

आता आजूबाजूला कोण होतं ते बघा. भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ची. आयएलएस लॉ कॉलेज १९२४चं. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०ची. डेक्कन जिमखाना त्याआधीचा, १९०६चा. म्हणजे या पट्ट्यात बाजारपेठ आधी आलीच नाही. आधी आल्या संस्था, मग त्यांच्या आसपास प्राध्यापक, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी अशा लोकांचे बंगले. माणसं इथे राहायला आली, विकायला नाही. मंडई कुठे? नदीच्या पलीकडे. कापड, भांडी, सोनं? तेही पलीकडे. खरेदीला पलीकडे जायचं आणि झोपायला अलीकडे यायचं, ही इथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. सवय हा शब्द लक्षात ठेवा. ग्राहकाची सवय बदलायला जो खर्च येतो तो कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, विषयाला थोडी सोडून आहे. १९४२मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल काढलं. १९४५मध्ये दामले गेले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बंद. देशभर नाव असलेली कंपनी, पण भागीदार पांगले की काय होतं बघा. स्टुडिओच्या जागेवर १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, ती आजही आहे. भागीदारी करारावर वेगळा व्हिडिओ करायचाय, तेव्हा यावर बोलू.

तर कंपनी जाऊन सत्तर वर्षं झाली आणि रस्त्याला नाव तिचंच. एजंट जेव्हा म्हणतो, "सर, प्रभात रोडचा ॲड्रेस आहे," तेव्हा तो याच नावाचे पैसे मागत असतो. व्हिजिटिंग कार्डावर हा पत्ता बघून ज्याचा ग्राहक प्रभावित होतो, त्याने ते पैसे द्यावेत. सीए आहात, आर्किटेक्ट आहात, त्वचारोगतज्ज्ञ आहात? द्या. केकच्या ग्राहकाला पत्त्याशी फारसं देणंघेणं नसतं.

गल्ली अरुंद आहे, म्हणून शांत आहे

प्रभात रोडला दोन्ही बाजूंनी क्रमांकाच्या गल्ल्या आहेत. पत्ता सांगताना लोक नावाऐवजी आकडाच सांगतात. या गल्ल्यांत पूर्वीचे एकमजली-दुमजली बंगले होते. नंतर बऱ्याच ठिकाणी बंगला पाडून तीन-चार मजली अपार्टमेंट आली आणि आता त्याच अपार्टमेंट पुन्हा पाडून उंच इमारती होतायत. पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही. का?

इथे एक नियम समजून घ्या. डिसेंबर २०२०मध्ये राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली आली. त्यात भूखंडावर किती बांधकाम करता येईल, म्हणजे एफएसआय, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ढोबळमानाने सांगतो: रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ १.१ एफएसआय, त्यावर टीडीआर नाही, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की दोन्ही मिळतात आणि एकूण आकडा दोनपर्यंत जातो. म्हणजे गल्ली दोन-तीन मीटरने रुंद झाली की त्याच जमिनीवर जवळपास पावणेदोनपट ते दुप्पट बांधकाम! पुणे महापालिकेने २०२०मध्ये शहरातले सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचा विषय काढला तेव्हा एवढी चर्चा झाली ती यामुळेच.

"पण सर, आम्ही तर भाड्याने घेणार, आम्हाला एफएसआयचं काय?"

तुम्हालाच जास्त आहे. दोन कारणांनी.

एक, रुंदीकरणात जाते ती पुढची जागा. कंपाउंडची भिंत, फाटक, अंगण. ताईंची टेबलं जिथे लागणार होती तीच. तसंही इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत, ज्याला आपण साइड मार्जिन, फ्रंट मार्जिन म्हणतो, परवानगीशिवाय टेबलं मांडली किंवा शेड टाकली तर पालिकेची कारवाई होते. म्हणजे जो चाफ्याखालचा पोर्च बघून मन बसलं, तो कायद्याने धंद्याला वापरता येईलच असं नाही. भाडं मात्र पोर्च धरून मागितलं होतं.

दोन, पुनर्विकास. यात मी स्वतः पोळलोय, म्हणून थोडं थांबून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी क्लाससाठी एका अशाच शांत गल्लीत पहिल्या मजल्यावर जागा घेतली. रंग, पार्टिशन, एसी, बाके, सगळं मिळून तेव्हाच्या मानाने बराच खर्च केला. अकराव्या महिन्यात मालक म्हणाले, "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, दोन महिन्यांत खाली करा." करारात महिन्याच्या नोटिशीची अट होतीच, मीच न वाचता सही केलेली. भांडायला जागा नाही. एसी काढून नेला, बाके मित्राच्या गोडाऊनमध्ये, पार्टिशन तिथेच सोडून आलो. खरी मजा पुढेच आहे. त्या इमारतीच्या सभेत हा विषय मी आत शिरण्याच्या सहा महिने आधीपासून चालू होता. वॉचमनला माहीत होतं, खालच्या इस्त्रीवाल्याला माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून जुन्या इमारतीत जागा घेताना मालकाला थेट विचारा: सभेत पुनर्विकासाचा विषय झालाय का? शक्य असेल तर गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं बघायला मागा. गृहनिर्माण सोसायटी असेल तर ठराविक कोरम असलेल्या सभेत ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास पुढे जाऊ शकतो, तुमच्या एकट्या मालकाचा विरोध असून उपयोग नाही. आणि मग त्या इस्त्रीवाल्यालाही विचारा. हसू नका, गल्लीतली सगळ्यात ताजी माहिती त्याच्याकडे असते.

मालक कोण, हे फाटकावरच्या पाटीवरून ठरवू नका

पाटीवर आजोबांचं नाव असतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. मुलं तीन: एक पुण्यात, दोन परदेशात. भाडं ठरवायला पुण्यातला मुलगा येतो, गोड बोलतो, चहा पाजतो, सगळं खरं. पण मालमत्ता पत्रकावर नावं तिघांची असतात, किंवा अजून आजोबांचीच असतात. बाकीच्या दोघांचं रीतसर कुलमुखत्यारपत्र नसेल तर त्याची एकट्याची सही पुरेशी नाही. उद्या भावाभावांत बिनसलं तर मध्ये तुम्ही. मालमत्ता पत्रक ऑनलाइन मिळतं. काही रुपयांचं काम आहे, ते टाळू नका.

मालक परदेशात असेल तर आणखी एक गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाही. अनिवासी भारतीय मालकाला भाडं देताना टीडीएस तुम्ही कापायचा असतो, आणि तो साधारणपणे ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के. निवासी मालकाला असते तशी किमान रकमेची सूट इथे नाही. पहिल्या महिन्यापासून कापायचा. नाही कापला तर जबाबदारी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही. आधी तुमच्या सीएशी बोला आणि मगच आकडा ठरवा, कारण बरेच मालक म्हणतात, "मला हातात पूर्ण रक्कम हवी." तसं मान्य केलंत तर कराचा बोजाही तुमच्याच खिशातून जाणार.

आता हिशोब

आकडे उदाहरणासाठी घेतोय, तुम्ही तुमचे घाला.

भाडं महिना ४५,००० रुपये. मालकाची जीएसटी नोंदणी नाही, पण तुमची नियमित नोंदणी आहे. १० ऑक्टोबर २०२४पासून अशा व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी भाडेकरूने स्वतः भरायचा आहे, रिव्हर्स चार्जने. म्हणजे ८,१०० रुपये. दुकानदाराला हा भरलेला कर पुढे वजावटीत मिळतो. कॅफे-हॉटेलवाला मात्र साधारणपणे ग्राहकाकडून पाच टक्केच घेतो आणि त्याला ही वजावट मिळत नाही. त्यामुळे ते ८,१०० शुद्ध खर्च. भाडं झालं ५३,१००.

एका बिलाची सरासरी २५० रुपये धरू. माल आणि पॅकिंग जाऊन हातात राहतात १५०. म्हणजे ५३,१०० भागिले १५०, महिन्याला ३५४ बिलं. रोजची बारा. ही बारा बिलं फक्त मालकासाठी. पगार, वीज, वाया गेलेला माल, तुमचा स्वतःचा पगार, सगळं तेराव्या बिलापासून सुरू! आणि वीज महावितरणच्या व्यावसायिक दराने, मिळकतकरही व्यावसायिक दराने. तो कोण भरणार हे करारात लिहून घ्या.

ताईंना मी हिशोब करून दिला नाही, त्यांनाच करायला लावला. मग आम्ही दोघं आणि त्यांचे मिस्टर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. मिस्टर वहीत रेघा मारत होते. दोन दिवसांची मिळून माणसं वहीच्या एका पानावर मावली. त्यात कामावरून परतणाऱ्या मावशी, कुत्रं फिरवणारे काका, डिलिव्हरीची मुलं. थांबून इकडेतिकडे बघणारं कोणी नाही. एक आजोबा आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "काय मोजताय?" सांगितल्यावर म्हणाले, "कॅफे नको हो इथे. गाड्या लागतात." ताईंचा चेहरा उतरला. तो संभाव्य ग्राहक नव्हता, संभाव्य तक्रारदार होता. शांत गल्लीत राहणाऱ्याने ती शांतता विकत घेतलेली असते, भरपूर पैसे मोजून. तुम्ही गर्दी आणलीत तर तुम्ही त्याचा माल खराब करताय, असं तो धरतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच धरलं असतं.

शांत रस्त्यावर चालणारे धंदे वेगळे. तिथे ग्राहक वाटेत दिसलं म्हणून येत नाही, घरून ठरवून येतो. दातांचा डॉक्टर, फिजिओथेरपी, वकील, सीए, शिकवणी, अपॉइंटमेंट घेऊन साडी दाखवणारं दालन. यांना रस्त्यावरची वर्दळ नकोच असते. त्यांना हवी गाडी लावायला जागा, खालच्या मजल्यावरचं दार, आणि पोहोचायला सोपा रस्ता. मेट्रोने इथे थोडा फरक पडलाय. गरवारे कॉलेज स्टेशन २०२२मध्ये आणि डेक्कन जिमखाना २०२३मध्ये सुरू झालं, त्यामुळे वनाज किंवा पिंपरीकडून येणाऱ्याला पार्किंग शोधावं लागत नाही. ठरवून येणाऱ्या ग्राहकासाठी ही मोठी सोय आहे. कॅफेच्या उडत्या गिऱ्हाइकासाठी नाही, कारण ते स्टेशनच्या खालीच थांबतं.

विकत घ्यावी का?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून थोडक्यात. समजा जागा तीन कोटींची आहे आणि तिला महिना ७० हजार भाडं येतं. वर्षाला आठ लाख चाळीस हजार, म्हणजे २.८ टक्के. तीन कोटींवर कर्जाचं व्याज नऊ टक्के धरलं तर वर्षाला २७ लाख. जे तुम्हाला साडेआठ लाखांत वापरायला मिळतंय त्यासाठी २७ लाख का द्यायचे? अशा भागात लोक घेतात ते पुढे किंमत वाढेल म्हणून, किंवा स्वतः राहायचं म्हणून. ती गुंतवणूक झाली, धंदा नाही. धंद्याचं खेळतं भांडवल त्यात अडकवू नका. आणि दर विचारायचाच असेल तर एजंटला शेवटी विचारा. आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या भागाचा वार्षिक मूल्यदर बघा, मग त्याच इमारतीतल्या अलीकडच्या खरेदीखतांची सूची दोन काढा. जाहिरातीत लिहिलेला असतो तो मागितलेला भाव. सूची दोनमध्ये दिसते ती कागदावर नोंदवलेली किंमत.

करार नोंदवलेलाच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. खर्चाला घाबरण्यासारखं काही नाही: ३६ महिने, ४५ हजार भाडं, तीन लाख परतीचं डिपॉझिट धरलं तर ०.२५ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४,२७५ रुपये, वर शहरी भागात नोंदणी फी एक हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज गृहीत धरून ते त्यात मिळवतात, म्हणून आकडा असा येतो. लॉक-इन घालताना दोन्ही बाजूंना घाला. नुसतं तुम्हाला बांधणारं लॉक-इन घेऊन मालक तुम्हाला काय देतोय, हे त्याला विचारा.

ताईंचं काय झालं? बंगल्याचा विषय त्यांनी स्वतःच सोडला. वाईट वाटलं त्यांना, महिनाभर माझ्याशी जरा तुटकच बोलत होत्या. मग तिथून जवळच, मुख्य रस्त्याला लागून असलेल्या इमारतीत एक छोटा गाळा मिळाला, मंजूर नकाशात दुकान म्हणूनच दाखवलेला. कॅफे नाही काढला. आठवड्यातून तीन दिवस बेकिंगचे वर्ग आणि रोज संध्याकाळी ऑर्डरचे केक घ्यायला येणाऱ्यांसाठी खिडकी. चौदातले साडेपाच लाख गेले, बाकीचे अजून मुदत ठेवीत आहेत. पहिल्या बॅचला सहा जणी आल्या. चार कोथरूडच्या, एक बाणेरहून, एक मेट्रोने चिंचवडहून. गल्लीतलं अजून कोणी आलेलं नाही, फक्त ते आजोबा एकदा येऊन नानकटाई घेऊन गेले आणि गाड्या कुठे लावता ते विचारून गेले.